शंकास्पद रंगाचा रुपया

डॉक्टर उपळेकरांनी पार्सलची चिकटपट्टी दात कोरायच्या हत्याराने कापली, आतली प्लास्टिकची डबी उजेडाला धरली आणि म्हणाले, "वायदंडे, जरा पुढे या."

मी पुढे गेलो. त्या खोलीत मला पुढे बोलवायचे ते दोनच कामांसाठी. काचेची पेटी उचलायची असली, नाहीतर बोर्ड रंगवायचा असला की. डॉक्टरांच्या दवाखान्याच्या वरची ती खोली, आणि तिथे दर रविवारी सकाळी कृष्णाकाठ नाणेसंग्राहक मंडळ भरायचं. आम्ही सभासद नऊ. आठजण खुर्चीवर बसायचे. मला बसू नका असं कुणी कधी म्हणालं नाही, पण खुर्च्याच आठ होत्या.

"निकाल आलाय तुमच्या रुपयाचा," डॉक्टर म्हणाले.

"किती?"

मुंबईची ती तपासणी कंपनी नाण्याला सत्तरपैकी मार्क द्यायची. मार्क छापलेली चिठ्ठी आणि नाणं एकाच डबीत बंद करून परत पाठवायची. डबी अशी की पुन्हा उघडायची नाही. उघडायची म्हणजे फोडायचीच. ह्या डब्या यायला लागल्यापासून आमच्या मंडळात नाणं कुणी बघत नव्हतं. सगळे चिठ्ठी वाचायचे.

"मार्क नाहीत," डॉक्टर म्हणाले. "नुसता शेरा आहे. इंग्रजीत आहे, मी सांगतो. रंग शंकास्पद."

"म्हणजे?"

"म्हणजे चांदीवर आपोआप चढलेला नाही. कुणीतरी चढवलाय." आणि त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं.

सगळ्यांनीच बघितलं. माझी तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात रंगारी म्हणून गेलेली. नखांच्या कडेला लाल रंग राहिलेला असतो, तो आता जाळल्याशिवाय जायचा नाही.

"काय पेंटर," मागून एकजण म्हणाला, "ब्रश कितीचा वापरला?"

खोली हसली. डॉक्टर हसले नाहीत. ते अध्यक्ष होते, त्यांनी नुसतं हसू दिलं.

रुपया काय होता ते सांगतो. १८६२ सालचा राणीछाप. चांदी कापडात नाहीतर कागदात वर्षानुवर्षं न हलता पडून राहिली की तिच्यावर रंग धरतो. ह्या रुपयाच्या कडेला गडद निळा होता, त्याच्या आत जांभळा आणि राणीच्या गालावर पिकल्या जांभळीच्या पानासारखा तांबूस. तिरका धरला की रंग सरकायचे. मला महामंडळाने तीस वर्षांत लाल आणि पिवळा सोडून तिसरा रंग हाताळायला दिला नव्हता. आणि हे लोक म्हणत होते, ते मी केलं.

"वायदंडे, मित्र म्हणून सांगतो," डॉक्टर म्हणाले. खालच्या दवाखान्यात दाढ उपटण्याआधी ते हेच वाक्य वापरत. "आपल्या घटनेत कलम आहे. छेडछाड केलेलं नाणं ज्याच्याकडे सापडेल, त्याचं सभासदत्व रद्द. तीन आठवड्यांवर प्रदर्शन आहे. तोपर्यंत पुरावा जोडून फेरतपासणीला पाठवा आणि स्वच्छ निकाल आणा. नाहीतर स्वतःहून राजीनामा द्या. आम्हाला काढायला लावू नका."

"आणि मी रंगवलेलाच नसला तर?"

"तेच तर सिद्ध करायचंय ना!"

अकरा वर्षं मी त्या मंडळात होतो. नववी नापास माणूस. रद्दीतून पुस्तकं आणून, डिक्शनरी मांडीवर घेऊन नाणी शिकलो. मोडी लिपी शिकलो. त्यांच्यातल्या तिघांना शिवराई आणि दुदांडी शिवराई ह्या तांब्याच्या नाण्यांतला फरक मी दाखवून दिला होता. तो फरक पुढच्या प्रदर्शनात त्यांनी मलाच समजावून सांगितला. हे सगळं चालायचं. माझ्याकडे एकच गोष्ट होती. पिराजी वायदंडे नाण्याबद्दल खोटं बोलत नाही, एवढं ते आठजण मानत होते, असं मी धरून चाललो होतो.

जिन्यात रतिशेठ भेटले. नाण्यांचे व्यापारी. मंडळाची सगळी नाणी त्यांच्याच दुकानातून मुंबईला जायची.

"पिराजी, मनावर घेऊ नको. डबी फोड, रुपया नवा म्हणून पुन्हा पाठव. फक्त डॉक्टरांच्या नावाने पाठव."

"तपासणारे नाव बघत नाहीत, असं तुम्हीच सांगता ना नेहमी?"

"नाहीच बघत! म्हणून तर सांगतो. बघत नाहीत, मग कुणाचं का असेना."

"मग माझंच असू दे की."

रतिशेठांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "माझा एक रुपया तीनदा गेला. पहिल्यांदा म्हणाले, घासलेला आहे. दुसऱ्यांदा त्रेपन्न दिले. तिसऱ्यांदा एकसष्ट. रुपया तोच. मीच तेवढा म्हातारा झालो."

"मग खरं काय?"

"एकसष्ट," रतिशेठ म्हणाले. "शेवटचं ते खरं."

घरी आलो तर मालन, माझी बायको, भाकरी थापत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "पास झाला का रुपाया?"

"नापास."

"तुमच्यावर गेलाय."

"मालन, चेष्टा नको. मी रंगिवलाय म्हनत्यात."

तिचा हात थांबला. "कोन म्हनतंय?"

"सगळीच."

"ह्येंच्या बोर्डाला अकरा वर्सं फुकट रंग लावलासा, तवा कुनी म्हनलं न्हाई रंग शंकेचा हाय म्हनून." तिनं भाकरी तव्यावर अशी टाकली की पीठ उडालं. "मग आता? परत बसवायचा परीक्षेला?"

"तेच कळंना झालंय."

खरंच कळत नव्हतं. परत पाठवला आणि परत तोच शेरा आला, तर मी दोनदा खोटा. डॉक्टरांच्या नावाने पाठवला आणि पास झाला, तर रुपया खरा आणि मी खोटाच. न पाठवला तर राजीनामा. जेवण झाल्यावर मी भिंग घेऊन दारात बसलो आणि डबीच्या वरूनच रुपया पुन्हा बघितला. तेव्हा दिसलं. राणीच्या गळ्याखाली, जांभळ्या रंगात, बारीक रेघा. आडव्या आणि उभ्या. धाग्याला धागा. कापडाचं विणकाम चांदीवर उतरलं होतं. ब्रशने हे ब्रह्मदेवाला जमायचं नाही.

"मालन! हा कापडात गुंडाळलेला हुता!"

"मग? आत्यानी दिला तवा तर पेपरात हुता."

"दिला तवा पेपरात. त्याआधी?"

रुपया मला आत्याने दिला होता. जनाआत्या, माझ्या बापाची थोरली बहीण. जतकडच्या एका गावात ती एकटी राहायची. गावाचं नाव सांगणार नाही. आत्या गेल्या वर्षी गेली, म्हणून हे लिहितो आहे, नाहीतर हेही लिहिलं नसतं. हा निकाल यायच्या दोन वर्षं आधी तिनं रुपया हातात ठेवून म्हटलं होतं, "घे, तुला असल्याचा नाद हाय." मी रंग बघून खुळा झालो होतो. कुठून आला ते विचारायचं राहिलं. नाण्याचं घराणं शोधतो म्हणून मिरवणारा मी, माझ्याच आत्याला विचारायला विसरलो.

दुसऱ्या दिवशी दोघं एसटीने गेलो. आत्या उंबऱ्यात बसून मटकी निवडत होती. डोळ्यांनी दिसत नव्हतं, बोटांनी निवडत होती. खडा बरोबर बाजूला पडायचा.

"पिऱ्या आला व्हय? आनि ही कोन, मालन? चालायचा आवाज करतीस म्हशीगत."

"रुपाया नापास झाला, आत्या," मी म्हटलं.

"रुपाया नापास हुतोय?"

"मुंबईला तपासत्यात. म्हनले, त्येच्यावरचा रंग खोटा. मी लावलाय म्हनत्यात."

आत्या हसायला लागली. दात नसलेलं तोंड उघडून हसली. "तू? तुझ्या बाच्या दाराला रंग लावलावतास तवा कडी बी रंगिवलीस. चार दीस दार उघडंना."

"आत्या, रुपाया कशात ठेवला हुतास? कापडात हुता का?"

ती हसायची थांबली. मटकीचं सूप तिनं बाजूला सारलं.

"कशाला पायजे?"

"पुरावा पायजे. त्ये कापड मिळालं तर पुन्हा पाठवता येतंय. माझं नाव राहतंय."

मी पुन्हा विचारणार होतो, मालनने माझ्या मांडीला चिमटा काढला. मग आत्या उठली, भिंतीला धरत आत गेली. पत्र्याची ट्रंक ओढल्याचा आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या दोन्ही तळहातांवर एक घडी होती. हिरवा खण. हिरवा म्हणजे आता शेवाळ वाळल्यावर दिसतं तसा. घड्यांवर कापड चिरलं होतं.

"हळू उलगड," ती म्हणाली. "आत तांदूळ हायती."

मी उलगडला. आत काळे पडलेले दहा-वीस तांदूळ, वाळून चामडं झालेलं हळकुंड, आणि खणाच्या मधोमध गोल काळसर डाग. मी डबी त्यावर धरली. डागाची कड आणि रुपयाची कड एकावर एक बसली. सूतभर इकडे नाही, तिकडे नाही.

"बसला!" मी ओरडलो. "मालन, बघ, बसला!"

मालन माझ्याकडे बघत नव्हती. ती खणाकडे बघत होती. अर्धा वार कापड, काठ शाबूत, कुठे सुई गेलेली नाही.

"आत्या," ती म्हणाली, "खण शिवला न्हाई तुमी?"

"कवा शिवू?" आत्या म्हणाली. "सातव्या म्हैन्यात वटी भरली. मामंजींनी रुपाया टाकला वटीत. म्हनले, नातवाचा पयला रुपाया. बाराव्या दिशी हिरीवर सुरुंग उडला, ह्ये खालीच हुते. मग पोर बी ऱ्हायलं न्हाई."

मालनने तोंडावर पदर घेतला.

"सासू म्हनली, वटीचा खण दे, धाकलीला हुईल. तुला आता काय करायचाय. मी म्हटलं, हरावला. जल्मात येकच खोटं बोलले, त्येवडंच. वर्सातनं येकदा ट्रंक उघडायची, हात लावायचा आनि बंद करायची. उलगडला न्हाई. छपन्न वर्सं." तिनं बोटं चाचपत एक तांदूळ घडीत परत सारला. "मग डोळं गेलं. म्हटलं, मी मेल्यावर कोन तरी रुपाया चिंच लावून घासंल आनि देव्हाऱ्यात ठेवंल. म्हनून तुला दिला."

"खण नेऊ का, आत्या?" मी विचारलं.

आज वाटतं की त्या वेळी मी गप्प बसायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात आठ खुर्च्या होत्या.

"ने," ती म्हणाली. "पर कुनाच्या हातात देऊ नगंस. आनि परत आन."

मला त्यातलं "ने" एवढंच ऐकू आलं. परतीच्या गाडीत मालन खिडकीकडे तोंड करून बसली. मी मात्र सांगलीपर्यंत बोलत होतो.

बुधवारी डॉक्टरांच्या बंगल्यावर तातडीची सभा झाली. इथे खुर्च्या भरपूर होत्या, मला सोफ्यावर बसवलं. मी टीपॉयवर खण पसरला आणि डबी डागावर ठेवली. डॉक्टरांनी भिंग लावलं, मग कपाळावरचा दिवा लावला, मग उठून उभे राहिले.

"पिराजीराव!"

अकरा वर्षांत पहिल्यांदा नावापुढे राव लागलं. मी विरघळलो. कबूल करतो. त्यांनी विचारलं, खण कुणाचा, आणि मी सांगत सुटलो. ओटी सांगितली, सुरुंग सांगितला, पोर सांगितलं, छप्पन्न वर्षं सांगितली. आत्याने छप्पन्न वर्षं न उलगडलेलं मी चहा गार व्हायच्या आत सगळं उलगडून टाकलं.

"हे अफाट आहे," डॉक्टर म्हणाले. "असं घराणं एका नाण्याला नाही. फेरतपासणीला रुपया, खण आणि जबानी, तिन्ही एकत्र जाऊ दे. पासष्टच्या खाली येतच नाही. आणि प्रदर्शनात मधल्या पेटीत. नाव काय द्यायचं? 'वैधव्याचा रुपया'?"

"जड होतंय," रतिशेठ म्हणाले. "'विधवेचा रुपया' करा. लोकांना पटकन कळतं. पुढेमागे लिलावात गेला तर छापायलाही सुटसुटीत."

"तांदूळ तसेच ठेवू का?" एकाने विचारलं.

"ठेवू की. हळकुंडसुद्धा. फक्त जरा छान पसरू."

"आणि त्या बाईंनाच आणूया," डॉक्टरांना आणखी सुचलं. "पेटीशेजारी बसवू. डोळ्यांनी दिसत नाही म्हणता? उत्तम. म्हणजे वाईट अर्थाने नाही म्हणत मी. फोटो फार परिणामकारक येईल. उद्घाटनाला त्यांचा सत्कार करू. मेधा!"

डॉक्टरांच्या बायको आतून आल्या. मेधावहिनी चांगल्या बाई. महिला मंडळात भाषणं करायच्या, माझ्या मुलीच्या फीच्या वेळी त्यांनी चौकशीसुद्धा केली होती.

"आपण प्रदर्शनाला बायकांचा सत्कार खण-नारळानेच करतो ना? एक वाढव. पिराजीरावांच्या आत्या. ह्या खणाच्या मालकीण."

वहिनींनी खण पाहिला. कहाणी त्यांनी आतून ऐकली होती, डोळे ओले होते. "किती सोसलं हो बाईंनी," त्या म्हणाल्या. मग जरा थांबल्या. "फक्त… त्यांना खण नको. शाल देऊया ना. शाल आणि श्रीफळ."

"का?"

"मला काही नाही हो! मी मुळीच मानत नाही. पण बाकीच्या बायका असतात, त्यांच्या हातून ओटी भरायची, म्हणजे… कशाला उगीच. बरं दिसत नाही."

डॉक्टरांनी क्षणभर विचार केला. "बरोबर आहे. शालच बरी. त्यांचा खण काचेत राहील, त्यांना शाल मिळेल."

मी सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं. कुणी हसेल असं मला वाटलं. कुणी हसलं नाही. रतिशेठ बिस्किट चहात बुडवत होते.

"चला, जबानी लिहून घ्या," डॉक्टरांनी कोरा कागद आणि पेन माझ्यापुढे सरकवलं. "तुमचं अक्षर चांगलं आहे. घ्या. मी, अमुक अमुक, कैलासवासी अमुक यांची विधवा, राहणार अमुक, सत्य प्रतिज्ञेवर सांगते की… खाली अंगठा घ्या त्यांचा. डावा."

मी लिहिलं, 'मी'.

पेन तिथंच राहिलं.

"लिहा की."

"डॉक्टर," मी म्हटलं, "हा रुपया मी रंगवलाय."

"काय?"

"मीच रंगवलाय. आत्या-बित्या कुणी नाही."

डॉक्टर खाली बसले. "आणि हे? हा खण?"

"जुन्या बाजारातला. डाग मी पाडलाय. लोखंडी वायसर तापवून. तांदूळ चुलीत भाजले."

"पण विणकाम? कापडाची वीण उमटलीय रुपयावर!"

"रंगारी आहे मी, डॉक्टर. त्यात काय अवघड?"

एकानेही म्हटलं नाही की हे खोटं आहे. मी वाट बघितली. खरंच बघितली. अकरा वर्षांत एकजण तरी म्हणेल, वायदंडे, तुम्ही असं करणार नाही. रविवारपासून मी खरं सांगत होतो तेव्हा ह्यांना पुरावा पाहिजे होता, शपथपत्र पाहिजे होतं, आंधळ्या बाईचा अंगठा पाहिजे होता. खोटं सांगितलं तर एका वाक्यात पटलं. आणि सगळे कसे सैल झाले! कुणी मागे रेलून बसला, कुणी "मी म्हणत नव्हतो?" म्हणाला. मेधावहिनींनी माझ्यासमोरची अर्धी भरलेली कपबशी उचलून आत नेली.

"रडवलंत हो मला," जाताजाता त्या म्हणाल्या. तेवढं मात्र त्यांना खरंच लागलं होतं.

"राजीनामा," डॉक्टर म्हणाले.

कागद पुढेच होता. त्यावर 'मी' लिहून झालंच होतं. पुढे पिराजी रामा वायदंडे लिहिलं आणि राजीनामा पुरा केला. मग खणाची घडी घातली, जशी होती तशी, चिरांवर चिरा ठेवून. एक तांदूळ गालिच्यात पडला होता. मी गुडघ्यावर बसून तो शोधला. आठही जण माझा तो शोध संपेपर्यंत पाय वर घेऊन बसले होते.

घरी येऊन मी डबी शेगड्याच्या दोन लोखंडी जबड्यांत आवळली आणि फोडली. चिठ्ठी, प्लास्टिक, सगळं उकिरड्यावर. मालनने विचारलं, "परत न्हाई पाठवायचा?" मी नाही म्हटलं. काय झालं ते सांगितलं. ती ऐकत राहिली आणि गेल्या तीन दिवसांत पहिल्यांदा तिनं मला ताट वाढून दिलं, माझं मी घ्यायला न लावता.

आत्याकडे गेलो तेव्हा ती तशीच उंबऱ्यात होती. मी खण तिच्या ओंजळीत ठेवला आणि वर रुपया. तिनं बोटाने तो ओळखला, घडी चाचपत उलगडली, जागा बरोबर शोधली आणि त्यावर तो ठेवला.

"ह्यो परत कशाला?"

"तुझ्यापाशीच बरा हाय. मी हाय की न्यायला, मागनं."

"पास झाला?"

"झाला."

"मग तुझं त्वांड का पडलंय?"

"न्हाई पडलं. तुला दिसतंय व्हय?"

"ऐकू येतंय," आत्या म्हणाली.

इथं गोष्ट संपली असं मला वाटलं होतं. चौथ्या दिवशी रतिशेठ आले. कसलीशी पुडी घेऊन. दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "पिराजीराव, बारा रुपये आणलेत. सगळे पांढरेफटक. जरा निळा येईल का कडेने?"

त्यांना हाकललं. शनिवारी डॉक्टर स्वतः आले. आमच्या गल्लीत गाडी शिरत नाही, म्हणून चालत आले. अकरा वर्षांत माझ्या घराचं दार त्यांनी पाहिलं नव्हतं. उंबऱ्याबाहेर बूट काढले. कॉटवर बसले. मालनने दिलेला चहा प्यायले, छान झालाय म्हणाले आणि कपबशी स्वतः उचलून मोरीपाशी नेऊन ठेवली. मग खिशातून रुमाल काढून मांडीवर सोडला. चार राणीछाप.

"मी फसलो, म्हणजे बघा," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात आदर होता, खराखुरा. "वीस वर्षं नाणी बघतोय मी. तुमच्या हाताला तोड नाही. गंधक वापरता की अंड्याचं पिवळं?"

"डॉक्टर, मी तो रुपया रंगवला नव्हता."

"असं कसं, तुम्हीच तर म्हणालात."

"खोटं बोललो. खण आत्याचा आहे. सगळं खरं आहे."

डॉक्टर माझ्याकडे बघून हसले. एक डोळा बारीक केला. "कळलं, कळलं. धंद्याचं गुपित. नका सांगू. मी पाहणार पण नाही, ठेवून जातो. आणि तो राजीनामा, मी अजून फाइलला लावलेला नाही बरं का. प्रदर्शनाच्या कमिटीवर माणूस हवाच आहे."

"लावा," मी म्हटलं. "फाइलला लावा." आणि त्यांची चार नाणी त्यांच्या रुमालात बांधून त्यांच्या हातात दिली. जिना नव्हता, नाहीतर खाली सोडायलाही गेलो असतो.

"विचार करा," जाताना ते म्हणाले. "घाई नाही."

"बाहेर पाटी लावा की," मालन आतून ओरडली, "न्हाईतर सगळी सांगली येतीया उद्यापास्नं रुपये घेऊन!"

मी त्याच संध्याकाळी पत्र्याचा तुकडा कापला. पिवळ्यावर लाल, महामंडळाचेच रंग घरात होते. वळणदार अक्षरात, सुटं सुटं लिहिलं आणि दाराच्या चौकटीवर खिळे मारून लावलं:

'येथे नाणी रंगवून मिळत नाहीत. पूर्वीही मिळत नव्हती. चौकशी करू नये.'

पुढच्या रविवारी डॉक्टर आले. पाटीपुढे उभे राहिले, चष्मा चढवून सगळी वाचली, आणि कडी वाजवली.